सोयरा किती टाकावा

भेसळीचं मनापासून कौतुक करणारा एकच सज्जन माणूस बुलढाणा जिल्ह्यात होऊन गेला, तो म्हणजे माझे मामा. मेहकरला रसायनशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी उभा जन्म ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखं प्लास्टिक, तापवण्यात घालवला. मूळ मालात दुसरा रेणू किती मिसळला तर तो केव्हा नरम पडतो आणि केव्हा जळतो, एवढीच त्यांना चौकशी. त्या दुसऱ्या रेणूला ते 'सोयरा' म्हणत. फळ्यावर पुस्तकातला शब्द लिहीत, पण प्रयोगशाळेतून आवाज यायचा, "सोयरा किती टाकला बे?" रस्त्यात कुणाच्या मोटारसायकलचा मागच्या लाल दिव्याचं ॲक्रिलिक तडकलेलं दिसलं की मालकाला थांबवून, गाडी उन्हात उभी असते का, असं विचारत. एकानं घाबरून गाडीचे कागद काढून दिले. मामांनी ते शांतपणे वाचून परत केले.

मी परजातीतल्या मुलाशी लग्न ठरवलं आणि बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. त्यांची समजूत घालायला मामा डोणगावला आले. ओसरीवर तुरीची पोती होती. निव्वळ शुद्ध माल तापवला की त्याच्या रेणूंची साखळी टोकापासून उसवत जाते, मध्ये सोयरा असला की तिथं अडते, हे सांगता सांगता त्यांनी एका पोत्याच्या शिवणीचा दोरा ओढून दाखवला. पोतं सरसर उसवलं आणि तूर अंगणापर्यंत गेली. दोघं खाली बसून ती गोळा करत असताना बाबांनी विचारलं, "अन् सोयरा जास्त झाला तं?"

"तं माल लवकर नरम पडते, दाजी."

बाबांना तेवढंच हवं होतं. ते लग्नाला आले नाहीत. कन्यादान मामांनी केलं. एवढं एक खोटं बोलता आलं नाही का, असं आई आपल्या भावाला कितीतरी दिवस ऐकवत होती. "पण नरम पडतेच तं, अक्का," म्हणून ते मान खाली घालत.

गेल्या महिन्यात मामा गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून तेरवी डोणगावला, बाबांच्याच घरी झाली. माझे यजमान पाहुण्यांच्या पंगतीत बसले. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी या घरात ते पाहुणेच होते. यायचे, जेवायचे, निघायचे. बाबा वाढत वाढत त्यांच्यापुढे येऊन थांबले.

"तुम्ही काऊन बसले? घरच्यानं वाढाचं असते," म्हणाले, आणि वरणाची बादली पुढे केली.

यजमान उठले. घेताना थोडं वरण त्यांच्या पायावर सांडलं, तरी ते थांबले नाहीत. हे ज्यांना धावत जाऊन सांगावं, त्यांच्याच तेरवीचं ते जेवण होतं.