लाल पाकळी

माझ्या बायकोच्या मावशीइतकं मोजायचं वेड अख्ख्या बेळगाव-निपाणी टापूत कुणाला नव्हतं, आणि तिच्यासमोर पहिल्याच भेटीत गाढवपणा करायचं कसब माझ्याइतकं कुणाला नसावं. मावशी वडगावच्या दवाखान्यात नर्स. नवा जावई म्हणून नमस्काराला गेलो, तर ओसरीवर रांगोळीचं भलंमोठं कमळ. छाप पाडायला म्हणालो, "मावशी, ही लाल पाकळी लई खुललीय. बाकीच्या पण अशाच भरा की!"

"जावई," मावशी शांतपणे म्हणाली, "एकेक पाकळी म्हंजे एकेक गल्ली. ती तुमची विणकर गल्ली. लाल म्हंजे बारशाआधी गेलेली बाळं."

पोरं मोजली की दृष्ट लागते, म्हणून आमच्याकडे खरा आकडा कुणी सांगत नसे. मावशीनं तोड काढली होती. बाळंतपणं किती आणि बारशाच्या घुगऱ्या किती वेळा वाटल्या, एवढंच ती विचारायची. मधला फरक लाल रंगात. फक्त विचारायला तिला जागा-वेळ कळत नसे. निपाणीच्या एका लग्नात भर पंगतीत तिनं वरमाईला हेच विचारलं. वरमाई ताटावरून उठली. मी ओशाळून मावशीकडे पाहिलं, तर ती हळूच म्हणाली, "रागानं न्हाय उठली ती. आठवलं तिला कायतरी."

शेजारची पाकळी पांढरी आणि आमचीच लाल का, हे शोधत ती आमच्या गल्लीत घरोघरी मागापाशी बसून राहायची. शेवटी तिला दिसलं, की शेजारच्या गल्लीतली सुईण नाळ कापायचं पातं उकळून घेते. आमच्या गल्लीत मात्र मागावरची, सुतानं माखलेली कात्रीच पुढं होते.

माझ्या बायकोचे दिवस भरले, तेव्हा आईनं हौसेनं तीच कात्री काढून ठेवली होती. मावशीनं ती थेट उकळत्या पाण्यात सोडली.

"आक्का, कात्री शिजवून वाढतीस काय आम्हांस्नी?" आई कडाडली.

"व्हय. शिजू दे चांगली. जावई, जाळ बघा!"

माझं सगळं लक्ष आतल्या कण्हण्याकडे. घाबरून मी सवयीनं पातेल्यात मूठभर मीठ टाकलं. मावशीनं पाणी ओतून दिलं, नवं चढवलं आणि कपाळाला हात लावला. तरीही बारशाला घुगऱ्या तिनंच वाटल्या, अख्ख्या गल्लीत, दुप्पट.

पुढं मावशी गेली. त्यानंतर आमच्या धाकट्याच्या बारशाला बायकोनं दारात तेच कमळ काढलं, सगळं पांढरंशुभ्र. मला कुठली अक्कल! म्हणालो, "एखादी पाकळी लाल भरली असतीस, तर खुललं असतं गं."

बोटांची रांगोळी पदराला पुसत बायको म्हणाली, "ती लाल रंगाची डबी मावशी संगं घेऊन गेली."