चव कोणी घ्यायची

"कॉन्व्हेंटची आहे ना, घेत असेल ती," पार्टिशनपलीकडून काकू म्हणाल्या.

मी सिंकवर काचेची भांडी धूत होते. धूत राहिले. आम्ही पार्ल्याचे. आमच्याकडे खोकल्याचं औषधसुद्धा आई त्यात अल्कोहोल नाही ना, हे लेबलवर वाचून घ्यायची.

अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये मसाले, सरबतं, लोणची तपासायला यायची. वाईन आणणारे एकटे भाऊसाहेब. नाशिककडे त्यांचा द्राक्षमळा होता. ते, त्यांच्या पत्नी म्हणजे या काकू, आणि मुलगा अशोक, सगळं घरच्या घरी. भाऊसाहेबांचे नियम दोन. वाईनमध्ये बाहेरचं काही घालायचं नाही. बाकीचे ती टिकावी म्हणून किंचित गंधक घालतात, तेही नाही. आणि वाईन करायची, प्यायची नाही. घरात कोणी ग्लास ओठाला लावत नसे. वास घ्यायचे आणि आमचा रिपोर्ट बघायचे.

जुहूच्या एका हॉटेलने नुकताच होकार दिला होता. सोमवारी माल पोचवायचा होता. "हे फिसकटलं तर वेली उपटून टोमॅटो लावणार म्हणतात बाबा," अशोक मला हळूच म्हणाला होता.

रिपोर्टमध्ये खोट नव्हती. अल्कोहोल, आंबटपणा, साखर, सगळं जागेवर. वासही छान, पिकल्या जांभळासारखा. पण बिनगंधकाच्या वाईनमध्ये कधीकधी एक दोष येतो, असं मी वाचलं होतं. तो आमच्या नेहमीच्या टेस्टमध्ये दिसत नाही, नाकालाही कळत नाही. वाईन लाळेत मिसळली की क्षणभराने कळतो. म्हणजे घोट घ्यायलाच हवा.

मी लॅबच्या प्रमुखांना, प्रधानसरांना सांगितलं.

"मग बघ ना चाखून."

"सर, तुम्ही?"

"आज शनिवार आहे गं माझा."

अशोककडे पाहिलं. त्याने वडिलांकडे पाहिलं.

शेवटी मीच घोट घेतला. आधी बरा लागला. चला, सुटलो, असं वाटलं. आणि मग जिभेच्या मागून ते वर आलं. उंदरांचा पिंजरा बरेच दिवस धुतला नाही की जसा वास येतो, तशी चव. थुंकले, चुळा भरल्या, तरी जाईना.

बाहेर आले तर सरांनी पेन पुढे केलं.

"करा सही बाई. रिकाम्या बाटल्या घेऊन टेम्पो उभा आहे खाली," भाऊसाहेब म्हणाले.

"चव बिघडलीय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"वास तर फक्कड येतोय."

"वासात येत नाही ते."

"सवय नसेल हो तिला," काकू म्हणाल्या. मघाशी मी पिणारी होते.

तो माल बाटल्यांत भरला गेला नाही. डिस्टिलरीला मातीमोल भावाने गेला. हॉटेलवाल्यांनी कुरकुर केली, पण वर्षभर थांबले. वेली राहिल्या. पुढच्या हंगामात भाऊसाहेबांनी स्वतःच्या हाताने गंधक घातलं. अशोक आता प्रत्येक टाकीतला घोट चाखतो आणि थुंकतो. तेवढा वेळ भाऊसाहेब खिडकीबाहेर बघतात. मीही शिकले: रिपोर्टला जीभ नसते, ती कोणाची तरी लागते. आणि ज्यांचा माल, त्यांची असली तर बरं.

हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी मी खूप दमले होते. पेन टेबलावर ठेवलं आणि उरलेला ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"भाऊसाहेब, मीसुद्धा आजच पहिल्यांदा प्यायले. सही हवी असेल तर आता तुमच्या घरातलं कोणीतरी प्या."