दादाची उरलेली किडनी

धाकट्या भावाला किडनी दिली त्याला तीन वर्षं झाली, आणि ही तीन वर्षं दादा दोघांच्या फर्निचरच्या कारखान्यात बसूनच होता. रंधा मारायचा, मापं घ्यायचा. पण प्लायवूडचे तक्ते उतरायची वेळ आली की हात आपोआप कमरेवर जायचा. "एका किडनीवर चाललंय बाबा माझं," एवढं म्हटलं की धाकटा धावत येऊन तक्ते उचलायचा. किडनी घेणारा ओझी वाहतोय आणि देणारा बसल्या जागेवरून "जरा सांभाळून" म्हणतोय, असा सगळा उफराटा कारभार.

दादा मुळात अंगचोर नव्हता. ऑपरेशननंतर मी सांगेपर्यंत जड उचलायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. पहिल्या वर्षीच्या तपासणीत त्यांनी ती बंदी उठवली, तेवढं मात्र त्याने घरी सांगितलं नाही. आयता मान मिळत होता, तो सोडवेना. तेव्हापासून तपासणीला तो एकटाच जायचा.

यंदा त्याची स्कूटर बिघडली म्हणून धाकट्याने सोडलं, आणि सोडून थांबला नाही, थेट आत आला.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून खूश झाल्या. "उरलेली किडनी छान वाढलीय. तिची जोडीदारीण गेली त्या दिवसापासून तिने जास्तीचं काम अंगावर घेतलं. आधी दोघी मिळून करायच्या त्यातलं सत्तर टक्के आता ही एकटी करतेय. दरवर्षी तपासून घ्या, मनाने दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. बाकी जड कामं चालू असतीलच, पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मी."

बिंग फुटलं. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटातली ती मुठीएवढी वस्तू कुरकूर न करता राबत होती, आणि तिच्या नावावर हा आराम करत होता.

जिना उतरताना धाकटा म्हणाला, "मला माहीत होतं. माझ्या तपासणीच्या वेळी विचारलं होतं मी. दोन वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बसलेला असलास की मला बरं वाटायचं. निदान तुझे तक्ते तरी उचलतोय. तू उठलास तर मी कुठल्या तोंडाने तुझ्यासमोर उभा राहू?"

यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर दादाने सोसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी तक्त्यांची गाडी आली. दादा उठला आणि त्याने एका तक्त्याचं टोक धरलं.

"सोड," धाकटा म्हणाला.

दादाने सोडलं नाही. पण गाडी रिकामी होईपर्यंत त्याला मान वर करून भावाकडे बघता आलं नाही.