टेस्ट डेटातलं लग्न

आज उमापुरात आमच्या घरचं एक लग्न मोडलं… जे कधी ठरलंच नव्हतं.

मी लग्नपत्रिका बनवायचं ॲप करतेय, हे माझ्या पोस्ट वाचणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत आहे. पुण्याची नोकरी सोडून गावी आल्यापासून झालेलं काम इथे टाकत असते. काय जमलं, काय अडलं… सगळं. ॲप तयार होईपर्यंत त्याची वाट बघणारी चार माणसं तयार व्हावीत, म्हणून.

शुक्रवारी नावांच्या पानाचा स्क्रीनशॉट टाकला. आमच्याकडच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून अख्खी भावकी छापावी लागते. ती एका पानावर बसते का, हे बघायचं होतं.

वरती बुद्धांचं चित्र, वर म्हणून माझा भाऊ, वधू मनानेच रचलेली… आणि खाली आमची सगळी भावकी. खोटी नावं शोधावी लागतात, खरी तोंडपाठ असतात.

हा नुसता टेस्ट डेटा आहे, खरं लग्न नाही, असं पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. कुणीतरी चित्र तेवढं पुढे पाठवलं… ओळ इथेच राहिली.

काल दिवसभर फोन. मावशी रुसली. भावाने छत्रपती संभाजीनगरहून विचारलं, "लग्न माझं, अन् मलाच आवतन न्हाई व्हय?"

इथपर्यंत गंमत होती. आज सकाळी दारात आबा उभे राहिले.

आबा माझे थोरले चुलते, परळीला असतात. ताईच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांचं नाव राहून गेलं होतं. ते लग्नाला आले नाहीत, आणि तेव्हापासून पप्पांशी बोलणं बंद… वर्षं झाली.

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "माझं नाव धाकल्याच्या खाली कावून?"

नावं अक्षरांप्रमाणे आपोआप लागली होती. पप्पांचं अशोक, आबांचं सुदाम. मी तसं सांगितलं.

"अक्षर बघून कुनी थोरलं होतं का गं?"

खरं सांगितलं तर पत्रिकेवरून त्यांचा दुसरा अपमान होणार होता… आणि ते पुन्हा येणार नव्हते. न सांगून चालणार नव्हतं.

"आबा, लग्न ठरलेलंच नाही. ॲप तपासायला नावं टाकली होती."

"म्हंजी माझं नाव तपासायला घेतलंस?"

"हो."

त्यांनी स्क्रीनवर आपल्या नावावर बोट ठेवलं. "बसलं का मग पानावर?"

"बसलं."

पप्पा माझ्या मागे येऊन उभे होते, ते मला नंतर दिसलं. त्यांनी आबांकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, "दादाचं नाव वर घे. माझ्या वर."

मी लॅपटॉप तिथेच उंबऱ्यात उघडला. नाव वर जाईपर्यंत दोघे दोन बाजूंनी वाकून बघत होते. कोड लिहिताना इतकं निरखून मला आजवर कुणी पाहिलेलं नाही…

आबांनी चपला काढल्या. "पोरगी तरी बघितली का न्हाई अजून?"

"न्हाई, दादा."

"मग पत्रिकेची कसली घाई लागलीय तुमाला?"

लोकांनी बघावं म्हणून आपण काम मांडतो. बघणारा त्यात काय शोधतो, याचा अंदाज मला अजून येत नाही. मी अक्षरं किती मोठी ठेवावीत हे बघत होते… आबा स्वतःचं नाव बघत होते.

हे लिहितेय तेव्हा बाहेर दोघांचं जोरात चाललंय. स्थळं गेवराईकडची बघायची की परळीकडची. पप्पांचा आवाज चढलाय, आबा त्यांना "तुला काय कळतंय बे" म्हणतायत…

आई दोघांसाठी तिसऱ्यांदा चहा ठेवतेय. कुणीच त्यांना थांबवत नाहीये.