उदबत्तीचं घर

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मोबाइलवर नाव झळकलं, ‘प्लांट’. मी कुवेतमध्ये, बनेद अल-गारच्या बँकेत माझ्या टेबलाशी होते. शेजारची सहकारी, आपल्याकडचीच, वाकून म्हणाली, "घे घे, तुझ्या साहेबांच्या प्लांटवरून आहे." तो नंबर कुठल्याही प्लांटचा नव्हता. वाळवंटातल्या एका खासगी शूटिंग क्लबचा होता, आणि ‘प्लांट’ म्हणून मीच तो सेव्ह केला होता. पलीकडून मॅनेजर मोडक्या हिंदीत सांगत होता की तुमचे मिस्टर वर्कशॉपमध्ये खाली बसले ते उठलेच नाहीत... आणि माझ्या मनात, रडू फुटायच्याही आधी, आलं ते हे, की आता सगळ्यांना कळणार. नवरा गेल्याच्या क्षणी बाईला काय सुचावं. आता महिना होऊन गेला, तरी त्या विचाराची लाज वाटायची थांबलेली नाही.

शिरीष शिकलेला मेटलर्जिस्ट, पुण्यात तांबट आळीच्या शेजारी वाढलेला. रिफायनरीतलं कंत्राट संपलं तेव्हा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, टिकवायला म्हणून त्याने क्लबची नोकरी धरली, आणि मग ती त्याला इतकी आवडली की तेल कंपनीतून बोलावणं आलं तरी हलला नाही. काम काय, तर रायफलीतून गोळी सुटल्यावर मागे जी पितळेची पुंगळी उरते, तिच्या मानेला ताव द्यायचा. ती पुंगळी पुन्हा भरून वापरतात. पण दर वापरागणिक मान कडक होत जाते, तीही प्रत्येकीची वेगळी. मग एक मान गोळीला आवळून धरते, दुसरी सैल सोडते, आणि नेम चुकतो. शिरीष त्या सगळ्या माना ज्योतीवर सारख्या मऊ करायचा. बूड तापू नये म्हणून पुंगळ्या पाण्यात उभ्या करायच्या आणि दिवा घालवायचा. "अगं, उजेडात माणूस फसतो," जेवताना हातात घास तसाच धरून तो सांगायचा, "चांगला लाल दिसेपर्यंत थांबतो, आणि तोवर पितळ गेलेलं असतं कामातून. अंधारात नुसती चाहूल लागली की काढायचं." विषय एकदा निघाला की वरण गार झालं तरी गडी थांबायचा नाही. फोडणी करायला उभा राहिला तरी सवयीने ट्यूब बंद करायचा. मी म्हणायचे, "मोहरी कानाने कळते रे, लाव तो लाइट."

आम्ही राहतो त्या मंगफच्या मराठी वर्तुळात नवीन माणसाला पहिला प्रश्न ‘गाव कुठलं’ हा नसतो, ‘कुठल्या कंपनीत’ हा असतो. मी सांगायचे, "तेलात आहेत." आमची लेक ईरा सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर क्लबात जायची आणि शाळेत मजेत सांगायची, "माय डॅड टोस्ट्स बुलेट केसेस." मी तिला दटावायचे. शिरीष नुसता हसायचा. त्याला कुणापासून काही लपवायचं नव्हतंच, हौस सगळी माझी.

मनासारखा ताव बसलेल्या पहिल्या पुंगळ्यांमधली एक क्लबला विचारून त्याने घरी आणली होती. रिकामी, निरुपद्रवी. स्वयंपाकघराच्या खिडकीत ती उभी असायची, मानेवर तावाचा निळसर पट्टा घेऊन. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येणार होत्या. पुंगळी बघून कुणी विचारलं तर काय सांगायचं... मी ती ताम्हनासारखी चिंच-मीठ लावून घासली, आत तांदूळ भरले, उदबत्ती खोचली आणि देवापुढे ठेवली. एकीने विचारलंच, "अगबाई, उदबत्तीचं घर किती सुबक. फहाहीलच्या बाजारात मिळालं का?" मी म्हटलं, "नाही हो, पुण्याहून आणलंय." शिरीष तेव्हा कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभा होता. बायका गेल्यावर त्याने पुंगळी बोटांत फिरवून पाहिली.

"पट्टा गेला की गं."

"डाग होता तो. काळपट दिसत होता."

"डाग नव्हे. तावलेली कुठली हे त्याच्यावरूनच ओळखतो आम्ही. म्हणून तर घासत नाही." मग माझं तोंड बघून म्हणाला, "पण चकचकीत काढलीस हं." ओरडला असता तर बरं झालं असतं. पुन्हा एकही पुंगळी त्याने घरी आणली नाही, आणि जेवताना कामाविषयी बोलणंही हळूहळू बंद केलं.

इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. फोटोपुढे तेच उदबत्तीचं घर, कुणीतरी हौसेने आमच्या देवापुढचं उचलून आणलेलं. वक्ते ‘तेलक्षेत्रातले जाणकार अभियंते’ म्हणत राहिले आणि मी मान हलवत राहिले. क्लबमधली एक कुवेती नेमबाज बाई मागच्या रांगेत बसली होती. वक्ते काय म्हणतात ते तिने ईराच्या कानाशी लागून विचारलं, ईराने इंग्रजीत सांगितलं, तशी ती गोंधळून एकदा फोटोकडे नि एकदा माझ्याकडे बघायला लागली. गाडीत ईरा म्हणाली, "शी आस्क्ड मी इफ शी वॉज इन द राँग हॉल, आई." घरी येताच ती आपल्या खोलीत गेली नि दार लावून घेतलं.

मग मी पुंगळीतले तांदूळ काढले. वाटीत पाणी घेऊन ती उभी केली, शिरीषच्या कामाच्या बॅगेतून त्याचा छोटा गॅस-टॉर्च काढला, ट्यूब बंद केली. ईरा कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. "नाऊ. स्टॉप," ती म्हणाली. "बाबा इथेच थांबायचा." दिवा लावून पाहिलं तर पट्टा आला होता, एका बाजूला कललेला, कुठे जास्त कुठे कमी. क्लबात असली पुंगळी त्याने हसत बाजूला काढली असती. "इट्स क्रुकेड," ईरा म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

पुंगळी आता खिडकीत आहे. परवा शेजारच्या वहिनी डबा द्यायला आल्या. म्हणाल्या, "उदबत्तीचं घर काळं पडलं हो, थोडी चिंच लावा."

मी म्हटलं, "ते उदबत्तीचं घर नाही, वहिनी. बसा, सांगते."