केदारखेड्याच्या पोरीला एमएस्सीचा वर्गच उरला न्हाई

मित्रांनो, दुपारपासून मन लागंना, म्हणून इथं लिहून राह्यलो.

मी जालन्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. यंदा संस्थेनं कॉलेजचं खासगी विद्यापीठ केलं आणि ज्या विषयांना मुलं कमी, ते बंद केले. आमचा एमएस्सीचा वर्गही त्यात गेला.

आज केदारखेड्याची सुनीता वडिलांसोबत प्रवेशाला आल्ती. बीएस्सी तिनं आमच्याकडंच केली. वर्ग बंद झाल्याचं तिला मलाच सांगावं लागलं.

"मंग आता कुठं, सर?" वडिलांनी विचारलं.

"संभाजीनगरला. पण तिथं हॉस्टेलवर राहावं लागंल."

"रोज घरी येती म्हणून आमचे बाबा, हिचे आजोबा, तयार झाल्ते, सर. बाहेर राहायचं म्हणलं तर ते बिलकुल ऐकायचे न्हाईत. लग्नाचंच काढतील."

सुनीता रडली न्हाई. "सर, एकदा लॅब बघू का?" एवढंच म्हणाली.

लॅबमधले ओटे तोडून तिथं प्रवेश समुपदेशनाचं चकाचक ऑफिस बांधायचं काम चालू होतं. ती दारात उभी राहून बघत होती.

"ताई, जरा सरका, काच आणायचीय," कामगार म्हणाला.

ती सरकली. वडील म्हणाले, "चल, एसटी जाईल."

मी म्हणालो, "बघतो, कुठं तरी बोलतो." बोलायला कुणीच उरलेलं न्हाई, हे त्या दोघांनाही कळलं असंल.

तुमच्या कॉलेजात काय चाललंय? तुम्ही पोरींना काय सांगता?