ब्रेक एकदाच दाबा

मला राग आला की मी ओरडत नाही, हळू बोलते. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. त्या महिनाभरात मी इतकं हळू बोलले की शेजारणीने विचारलं, घसा बसलाय का.

गाडी आमची नऊ वर्षांची. लातूरहून चाकूरच्या पुढच्या एका खेड्यात माझी शाळा आहे, मी तीच गाडी घेऊन रोज जाते-येते. दिवाळीच्या सुटीत एकदा बाजाराला निघाले, पुलाच्या उतारावर सिग्नलला थांबले, आणि ब्रेकवरचा पाय हळूहळू खाली जायला लागला. गाडी थांबलेली, पाय मात्र थांबेना. शेवटी गाडी पुढच्या टेम्पोकडे वीतभर सरकली. मी हँडब्रेक ओढला आणि सिग्नल सुटेपर्यंत तसाच धरून बसले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. हे लगेच खाली आले, गाडीत बसले, ब्रेकवर खटखट दोनदा पाय मारला आणि म्हणाले, "कडक आहे की. तुला भास झाला असंल." मी म्हटलं, भास व्हायला माझ्या काय अंगात येतं? त्यावर हे हसले. नांदेडहून सुटीला आलेली आमची मुलगी पायरीवर उभी होती. ती ह्यांच्या पायाकडे बघत होती.

सुटी संपल्यावर मी गाडी आमच्या नेहमीच्या गॅरेजात नेली. मिस्त्री जुना, हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. तोही बसला, त्यानेही खटखट दोन लाथा मारल्या. "मॅडम, काय बी न्हाई हो. ब्रेक ठणठणीत हाय. लेडीज लोकांची सवय असते, पाय ब्रेकवरच ठिवून चालवायची."

चौदा वर्षं झाली मला गाडी चालवून. एक ओरखडा नाही. ह्यांनी आमच्याच फाटकाचा खांब दोनदा पाडलाय, पण सवय माझी वाईट.

आठवड्याने पुन्हा गेले. त्याने ब्रेक ऑइल बघितलं, एक थेंब कमी नव्हता. चारी चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढली, पुढचे ब्रेक पॅड बदलले. मी गॅरेजच्या बाहेर पडले, पहिल्या चौकात थांबले, पाय परत खाली. तशीच वळून आले तर मिस्त्री म्हणतो, "असं करा मॅडम, साहेबांना पाठवा. त्यास्नी नीट समजून सांगतो." पाय माझा खाली जातोय, आणि समजून सांगणार साहेबांना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एवढं जिवाला लागायचं कारण मुलगी. ती नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. ह्यांनी तिला कबूल केलं होतं, की पुढच्या खेपेला आलीस की गाडी तू घेऊन जा, प्रोजेक्टच्या धावपळीला कामी येईल. म्हणजे लातूर ते नांदेड ती एकटी चालवणार. अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरमागच्या जोडट्रॉल्यांनी भरलेला. ट्रॉलीला मागे लाइट नसतो, ती मधेच थांबते. मी ह्यांना म्हटलं, गाडी देऊ नका. हे म्हणाले, "तुझ्या भीतीपायी पोरीला पण भित्री करायलीस तू."

त्या रात्री मी जेवले नाही. रागाने, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत शाळेच्या मैदानावर गाडीत जाऊन बसले. इंजिन चालू केलं, ब्रेक एकदाच हलका दाबला आणि तसाच धरून आकडे मोजले. चौदाला पाय तळाला. सोडला. मग ह्यांच्यासारख्या दोन लाथा मारल्या. कडक. पुन्हा हलका दाबला, पुन्हा तळाला. पुन्हा लाथा, पुन्हा कडक.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमचे हे काय, मिस्त्री काय, सगळे काळीपिवळी जीपवर हात बसवलेले लोक. वीस-वीस माणसं कोंबून पळणाऱ्या त्या जीपचा ब्रेक पहिल्या दाबाला कधी लागायचाच नाही. दोनदा मारल्याशिवाय ब्रेकवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचं पहिलं शिक्षण. जीप गेली, खोड राहिली. बिघाड बघायला बसायचे आणि बसल्या बसल्या दोन लाथांनी तोच झाकून टाकायचे. वर मलाच भास.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी थेट गॅरेजात गेले. ह्यांनाही फोन करून बोलावून घेतलं. मिस्त्रीला म्हटलं, "बसा. लाथ मारायची नाही. एकदाच दाबायचं, हलकं, आणि मी सांगेपर्यंत सोडायचं नाही." बसला आणि खटखट. मी म्हटलं, सोडा, पुन्हा. पुन्हा खटखट. पायाला ऐकूच येत नव्हतं त्याच्या. तिसऱ्यांदा जमलं. मी खिडकीशी उभी राहून पहिलीच्या पोरांसाठी मोजते तसं मोजायला लागले. दहाला त्याने मान खाली घालून पायाकडे बघितलं. चौदाला म्हणाला, "बसला की हो."

मग ह्यांना बसवलं. त्यांचाही बसला.

पायाच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलेलं होतं. ऑइल बाहेर गळत नव्हतं, हलक्या दाबाला आतल्या आत मागे सरकत होतं; लाथ मारली की रबर तेवढ्यापुरतं धरायचं. मिस्त्री म्हणाला, "भाईर ठिपका न्हाई, मग कसं कळावं?" मी म्हटलं, "कळलं होतं. मला महिन्यापास्नं कळलं होतं आणि तुम्हाला सांगितलं होतं." तो फडक्याने हात पुसत ह्यांच्याकडे वळला. "बरं झालं साहेब, टायमावर घावलं." आणि साहेबांनी मान डोलावली. चुकलं, असं दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही.

नवा सिलिंडर बसला. मी स्वतः तीसपर्यंत मोजलं. पाय जागचा हलला नाही.

त्या रात्री मुलगी नांदेडहून आली आणि रविवारी गाडी घेऊन परत निघाली. चौकापर्यंत सोबत म्हणून मी शेजारी बसले. तिने किल्ली फिरवली आणि ब्रेकवर खटखट दोनदा पाय मारला.

"हे कुणी शिकवलं?"

"बाबांनी."

"एकदाच दाब. हलका. आणि धरून ठेव."

तिने दाबला. धरून ठेवला आणि म्हणाली, "आता नाही जात खाली."

"आता म्हणजे?"

"दिवाळीत मी चालवली तेव्हा जात होता. बाबांनी शिकवल्यासारखं दोनदा मारलं की यायचा वर."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू बोललीस की," ती म्हणाली. "तुझं कुणी ऐकलं? मी पायरीवरच उभी होते ना."

हे वर गॅलरीत चहा घेत होते. मी दार उघडून खाली उतरले आणि लग्नानंतर पहिल्यांदा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले, "आधी खाली या. ही काय म्हणते ते ऐका."